हॉथॉर्नची पोरं आणि खोलीत उगवलेलं ऊन

शिरीष_डोंबिवली | २२ जून २०२५, सकाळी ७:१०

'बीच बॉइज' या अमेरिकन गायकांच्या गटाचा ब्रायन विल्सन ११ जूनला गेला. परवाच्या २० तारखेला त्याला ८३ वर्षं पूर्ण झाली असती. गेले दहा-अकरा दिवस मी 'बीच बॉइज'शिवाय दुसरं काही लावलेलं नाही. श्रद्धांजलीच्या लेखांत मात्र सगळीकडे तेच वाचतोय: कॅलिफोर्नियाचं ऊन, लाटा, किनाऱ्यावरची बेफिकीर तरुण मंडळी. शेवटी राहवेना म्हणून हा धागा काढला. मला वाटतं, त्या गाण्यांतलं ऊन किनाऱ्यावरचं कधीच नव्हतं. ते चार भिंतींच्या आत बसून केलेलं आहे.

माझी त्यांच्याशी ओळख १९८७ सालची. दहावीची परीक्षा संपली आणि मामाने रिदम हाऊसमधून त्यांच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट आणून दिली. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण ते पाच आवाज एकमेकांवर चढायला लागले की आमच्या दीड खोलीत जागा मोठी झाल्यासारखं वाटायचं. ही पाचही जणं वाळूत खेळतच वाढली असणार, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

खरी हकीकत वेगळी आहे. हॉथॉर्न हे लॉस एंजेलिसच्या नैर्ऋत्येचं कामकरी उपनगर. नॉर्थ्रॉपचा विमान कारखाना, आजूबाजूला बैठी घरं, समुद्र पाचेक मैलांवर. ब्रायनचे वडील मरी विल्सन यांचा यंत्रसामग्रीचा छोटा धंदा होता. त्यांना स्वतःला गीतकार व्हायचं होतं, ते म्हणावं तसं जमलं नाही. मुलांवर हात उचलणारा बाप. ब्रायन, डेनिस, कार्ल हे तिघे भाऊ एकाच खोलीत झोपायचे. रात्री दिवा मालवल्यावर ब्रायन धाकट्यांना आवाज वाटून द्यायचा, तू हे गा, तू हे. 'फोर फ्रेशमेन' या चौकडीच्या रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून त्यातला एकेक आवाज सुटा करत तो शिकला. आणि या पोराला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं.

सर्फिंग करायचा तो फक्त डेनिस. 'सगळी पोरं सर्फिंग करतायत, त्यावर गाणं करा' हे त्यानेच सुचवलं. १९६१ मध्ये ब्रायन १९ वर्षांचा, मावसभाऊ... चुकलो, आतेभाऊ माइक लव्ह २०चा, मित्र अल जार्डिन १९चा, डेनिस १६चा आणि कार्ल अवघा १४चा. आई-वडील मेक्सिकोला गेलेले असताना यांनी वाद्यं भाड्याने आणली आणि ते गाणं बसवलं. लोकरी पेंडलटन शर्टांवरून त्यांनी स्वतःचं नाव 'पेंडलटोन्स' ठेवलं होतं. रेकॉर्ड छापून आली तेव्हा त्यावर 'बीच बॉइज' असं नाव! कंपनीने विचारलंही नव्हतं. म्हणजे ज्या नावावर पुढे एका अख्ख्या प्रांताची ओळख उभी राहिली, ते नावसुद्धा पोरांनी घेतलेलं नाही.

'द वॉर्म्थ ऑफ द सन' हे गाणं ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी आज ऐका. १९६३च्या नोव्हेंबरात, केनेडींच्या हत्येच्या सुमारास ब्रायन आणि माइकने ते केलं. नावात सूर्य आहे, पण गाणं प्रेम गेल्यानंतरचं आहे. उरलेली ऊब फक्त आठवणीतली. मला त्यांची सगळी उन्हाची गाणी अशीच ऐकू येतात. ज्याच्याकडे ऊन असतं तो त्याच्यावर इतकं जीव तोडून गात नाही.

तुम्हाला काय वाटतं?

गौरी_टॉरन्स | २२ जून, रात्री ९:४२

शिरीषदादा, मी हॉथॉर्नपासून गाडीने पंधरा मिनिटांवर राहते, १९ वर्षं झाली. तुमच्या लेखात इथलं एक रोजचं सत्य भर घालून देते. आत्ता, ऐन जूनमध्ये, आमच्याकडे ऊन नाहीये. समुद्रावरून ढगांची चादर आत येते आणि दुपारपर्यंत हलत नाही. इथले लोक त्याला 'जून ग्लूम' म्हणतात. मे-जूनमध्ये पुण्याहून पाहुणे आले की हमखास हिरमुसतात, स्वेटर काढून द्यावा लागतो. पाणीही गार. सर्फिंगवाले बहुतेक वेळा रबरी पोशाख घालूनच उतरतात.

आणि विल्सन भावांचं ते घर आता नाही. ८०च्या दशकात सेंच्युरी फ्रीवेसाठी ती ओळच्या ओळ पाडली. फ्रीवे १९९३ मध्ये सुरू झाला. आमचे नातेवाईक विमानतळावर उतरले की त्याच रस्त्याने आम्ही पूर्वेकडे जातो, तेव्हा त्या पोरांच्या खोलीच्या अगदी जवळून जातो. २००५ मध्ये तिथे विटांचं स्मारक केलं, राज्याच्या ऐतिहासिक स्थळांत त्याची नोंद आहे. ब्रायन गेल्यावर मी मुलीला घेऊन गेले होते. लोकांनी फुलं ठेवली होती. पलीकडे फ्रीवेची भिंत आणि गाड्यांचा अखंड आवाज. मुलगी म्हणाली, "आई, इथून समुद्र दिसतच नाही."

नंदू_मालवण | २३ जून, सकाळी ६:३०

लेख आवडला. आम्ही समुद्राकाठचेच. आमच्याकडे दर्या म्हणजे काम, रापण ओढायची, जाळी सुकवायची. पर्यटक आल्यानंतर आम्हाला कळलं की आपला किनारा 'सुंदर' आहे. त्यामुळे दुरून बघणाऱ्याने गाणं केलं यात नवल वाटलं नाही.

एक शंका. यांची निम्मी गाणी गाड्यांवर आहेत. समुद्रावरून एकदम गाड्यांवर कसे गेले?

शिरीष_डोंबिवली | २३ जून, सकाळी ८:०५

नंदू, छान प्रश्न. लाट फक्त किनाऱ्यावर मिळते, गाडी सगळीकडे. कॅपिटल कंपनीने १९६२ मध्ये त्यांची पहिली तबकडी काढली तेव्हा एका बाजूला सर्फिंग आणि दुसऱ्या बाजूला शेव्हरोलेच्या ४०९ घन इंच इंजिनावरचं गाणं होतं. अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांत वाढणाऱ्या पोराला समुद्र आयुष्यात दिसणार नाही, पण बापाची जुनी गाडी त्याच्याही दारात उभी आहे. कॅलिफोर्निया त्याच्यापर्यंत गाडीतून पोचला.

आणि मागणी थांबत नव्हती. १९६३ मध्ये तीन अल्बम, १९६४ मध्ये चार. विशी-बाविशीतल्या मुलाकडून एवढं काम काढून घेतलं. १९६४च्या एप्रिलमध्ये त्याने वडिलांना व्यवस्थापकपदावरून दूर केलं. २३ डिसेंबरला ह्यूस्टनच्या विमानात तो कोसळला, रडत राहिला, आणि नंतर दौऱ्यांवर जाणंच सोडलं. बाकीचे गावोगाव ऊन घेऊन फिरत होते, हा स्टुडिओत.

जुनी_पानं | २३ जून, दुपारी १:२०

धागाकर्त्यांशी थोडी असहमती. हे ऊन ब्रायनच्या खोलीत उगवलं असं म्हटलं की त्याच्या आधीची पन्नास वर्षं पुसली जातात. ही प्रतिमा विकायला काढली ती रेल्वेने आणि जमीन विकणाऱ्यांनी.

जॉर्ज फ्रीथ हे नाव इथे कुणी घेतलं नाही. हवाईत जन्मलेला, आईकडून हवाईयन वंशाचा. १९०७ मध्ये तो कॅलिफोर्नियात आला. हेन्री हंटिंग्टन या धनिकाची विजेवर चालणारी ट्राम रेडोंडो बीचपर्यंत जात होती आणि तिथे त्याची जमीनही होती. शहरातली माणसं ट्रामचं तिकीट काढून तिथवर यावीत म्हणून फ्रीथला लाटांवर उभं राहून दाखवायला ठेवलं. 'पाण्यावर चालणारा माणूस' अशी त्याची ख्याती झाली. पण तो नुसता खेळ दाखवणारा नव्हता. त्या किनाऱ्यावर जीवरक्षकांची शिस्त लावण्यात त्याचा मोठा वाटा आहे. १९०८ मध्ये व्हेनिसजवळ वादळात सापडलेल्या जपानी मच्छीमारांना वाचवल्याबद्दल त्याला अमेरिकन सरकारचं जीवरक्षणाचं सुवर्णपदक मिळालं. १९१९ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीत, पस्तिशीतच तो गेला.

म्हणजे सर्फिंग मूळ हवाईचं. तिथे ते राजघराण्यापासून सामान्यांपर्यंत सगळ्यांचं होतं. ते कॅलिफोर्नियात आणलं गेलं ते तिकीट खपवायला. नंतर ५०च्या दशकाअखेरीस फोमच्या हलक्या फळ्या आल्या, त्यामुळे जो खेळ अंगात ताकद असलेल्या मोजक्यांचा होता तो शाळकरी पोरापोरींना झेपू लागला. १९५९ मध्ये त्यावर हॉलीवूडचा चित्रपट आला. डिक डेलने १९६१ मध्ये बाल्बोआच्या नृत्यगृहात गिटारीवर लाटेचा आवाज काढून दाखवला. त्याचे वडील लेबनीज वंशाचे, आणि त्याची सर्वांत गाजलेली धून पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी लोकधून आहे. या सगळ्यानंतर हॉथॉर्नची पोरं आली. दुकान आधीच मांडलेलं होतं, यांनी त्याला आवाज दिला.

शिरीष_डोंबिवली | २३ जून, दुपारी ३:५५

मान्य. फ्रीथबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं, मनापासून आभार. तरी एक म्हणतो. ट्रामवाल्याच्या जाहिरातीतला समुद्र बघून कुणाला रडू आलं नसेल.

अनघा_व | २३ जून, रात्री १०:१५

मी या गाण्यांवर प्रेम करते, हे आधी सांगते. पण ती ज्या गावातून आली त्याबद्दल एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही.

१९३०च्या दशकात हॉथॉर्न हे 'सनडाउन टाउन' होतं. दिवस मावळल्यावर कृष्णवर्णीय माणसाने गावाच्या हद्दीत थांबायचं नाही, असं बजावणारी पाटी तिथे होती. ज्या गावातून जगातली सर्वांत उजेडाची गाणी आली, तिथे सूर्याचा असाही उपयोग केला जात होता.

शेजारचं मॅनहॅटन बीच घ्या. १९१२ मध्ये विला आणि चार्ल्स ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याने तिथे जमीन घेऊन आपल्या लोकांसाठी किनाऱ्यावर विश्रामगृह सुरू केलं, कारण बाकी किनारे त्यांना जवळजवळ बंदच होते. १९२४ मध्ये नगरपालिकेने उद्यानाचं कारण सांगून ती जमीन ताब्यात घेण्याचा निर्णय केला. ती त्यांच्या वारसांना परत मिळाली २०२२ मध्ये! 'सर्फिन यूएसए' गाण्यात किनाऱ्यांची जी यादी येते, तिच्यात मॅनहॅटन आहे. त्या किनाऱ्यावर कोण होतं आणि कोणाला घालवलं होतं, याचा मागमूस त्या यादीत नाही.

त्या गाण्याची चाल कृष्णवर्णीय रॉक गायक चक बेरीची, त्याच्या १९५८च्या गाण्यावरून जशीच्या तशी घेतलेली. त्याच्या गाण्यात अमेरिकेतल्या शहरांची यादी होती, तिच्या जागी किनारे घातले. १९६३च्या मार्चमध्ये हे गाणं आलं तेव्हा बेरी तुरुंगात होता. हक्क नंतर त्याच्या प्रकाशकाकडे गेले, पण सुरुवातीच्या तबकड्यांवर त्याचं नाव नव्हतं.

१९६३ मध्ये कॅलिफोर्नियाने घर विकताना-भाड्याने देताना वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा केला. १९६४च्या नोव्हेंबरात सुमारे ६५ टक्के मतदारांनी कौल देऊन तो रद्द ठरवला. पुढे न्यायालयाने हा कौलच घटनाबाह्य ठरवला, ते वेगळं. १९६५च्या जुलैमध्ये 'कॅलिफोर्निया गर्ल्स' आलं. ११ ऑगस्टला वॉट्स ही लॉस एंजेलिसमधली कृष्णवर्णीयांची वस्ती दंगलीत पेटली, ३४ माणसं मेली. वॉट्स हॉथॉर्नपासून काही मैलांवर, त्याच उन्हात.

आणि निक गॅबाल्डन. सांता मोनिकाच्या ज्या पट्ट्यावर कृष्णवर्णीय लोक जमायचे तिथे तो सर्फिंग शिकला. मालिबूच्या चांगल्या लाटा गाठायला सुमारे बारा मैल फळीवरून वल्हवत जायचा. १९५१ मध्ये मालिबूच्या धक्क्यावर आपटून गेला, विशीतला मुलगा. हॉथॉर्नच्या पोरांच्या दहा वर्षं आधीचा हा खराखुरा सर्फर. त्याच्यावर तेव्हा कुणी गाणं केलं नाही.

शिरीष_डोंबिवली | २४ जून, पहाटे ५:५०

अनघाताई, रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. 'सनडाउन'चा तो अर्थ मला माहीत नव्हता. पोरांचा यात दोष किती, हे मला ठरवता येत नाही. १४ ते २० वर्षांची होती. पण मी कॅसेट ऐकताना जे गाव मनात रंगवलं त्यात या माणसांना जागाच नव्हती, आणि ते गाव मी डोंबिवलीत बसून खरं मानलं. हे माझ्याकडे येतं.

अनघा_व | २४ जून, सकाळी ९:३०

दोष मी पोरांना देतच नाही. उलट 'इन माय रूम' हे त्यांचं गाणं ऐकताना मला वाटतं की बाहेरच्या त्या गावाची भीती ब्रायनलाही होती, कारणं वेगळी असतील. माझं म्हणणं त्या गाण्यांना प्रांताचं चित्र म्हणून विकलं गेलं त्याबद्दल आहे. एका घाबरलेल्या मुलाचं स्वप्न म्हणून ऐकलं तर ती मला आजही जवळची वाटतात.

विलंबित_लय | २४ जून, सकाळी ११:४०

मी हार्मोनियम वाजवतो, पाश्चात्त्य संगीत ऐकून ऐकून शिकलो. शिरीष, तुम्ही 'वॉर्म्थ ऑफ द सन'बद्दल जे लिहिलंत ते पेटीवर दाखवता येतं.

पांढरी एकचा षड्ज धरा. पहिला कॉर्ड सा-ग-प. दुसरा ध-सा-ग. इथवर त्या काळातली शेकडो गाणी अशीच जातात, आणि कानाला पुढचं वळण पाठ असतं. इथे मात्र तिसरा कॉर्ड येतो कोमल ग, प, कोमल नी. जमीन सरकल्यासारखी वाटते. मग चौथा, सा-कोमल ग-प. आता पहिला आणि चौथा शेजारी ठेवून वाजवा. दोन सूर तेच, फक्त गंधार उतरलाय. चार कॉर्डांत ऊन होतं ते गेलं. २१ वर्षांच्या मुलाला हे सुचलं. मी काल रात्री तासभर तेवढंच वाजवत बसलो होतो.

दुसरं म्हणजे, १९६४-६५ नंतरच्या त्यांच्या बऱ्याच रेकॉर्डवर वाजवणारे हात त्या पोरांचे नाहीत. लॉस एंजेलिसचे पगारी वादक होते ते. हॅल ब्लेन ड्रमवर, कॅरोल के बेस गिटारवर. ही बाई मुळात जॅझ क्लबांत वाजवायची, मुलंबाळं सांभाळून दिवसाला दोन-तीन रेकॉर्डिंग करायची. 'पेट साउंड्स' (१९६६) मधला तिचा बेस नीट ऐका, खाली राहून स्वतंत्र गाणं म्हणतो तो. 'गुड व्हायब्रेशन्स' या एका गाण्यासाठी सात महिने आणि चार स्टुडिओ लागले. तुकडे वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून टेप कापून जोडल्यात. आणि हे सगळं ब्रायनने मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा न करता, घडवलं. एका कानाच्या माणसाला स्टिरिओचं काय?

आबा_कोथरूड | २४ जून, दुपारी ४:२५

आपल्याकडचा धागा मी जोडतो. माइक लव्ह १९६८च्या सुरुवातीला ऋषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात होता, बीटल्स होते तेव्हाच. परत गेल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात 'बीच बॉइज' आणि महर्षी असा एकत्र दौरा काढला. पहिल्या भागात गाणी, नंतर महर्षींचं प्रवचन. पोरं गाण्यांसाठी यायची आणि प्रवचनाला थांबेनात. काही दिवसांतच दौरा गुंडाळला. माइकने ध्यान मात्र सोडलं नाही.

मृदुला_ग | २४ जून, रात्री ८:५०

सगळे ब्रायनबद्दल बोलताय, मला डेनिसबद्दल बोलायचंय. तो एकटा खरा समुद्राचा होता. २८ डिसेंबर १९८३ला मरीना डेल रे इथे बुडून गेला, वय ३९. बोटींच्या धक्क्यालगत पाण्यात सूर मारत होता, पूर्वी स्वतःच्या बोटीवरून टाकलेल्या वस्तू तळातून वर काढत होता, आणि दारू पोटात होती. कुटुंबाची इच्छा होती म्हणून त्याला समुद्रातच दफन केलं. मला हे कधी विसरता येत नाही की ज्याने गाण्यात समुद्र आणला त्यालाच समुद्राने ठेवून घेतलं, आणि ज्याला पाण्याची भीती होती तो ८२ वर्षं जगला.

तुम्हाला वाळूच्या पेटीची गोष्ट माहीत असेलच. १९६६-६७च्या सुमारास ब्रायनने घरात जेवणघराच्या जागी लाकडी चौकट करून त्यात वाळू भरून घेतली आणि पियानो त्यावर ठेवला. पायाला वाळू लागावी म्हणून. समुद्रावर जायचं नव्हतं, वाळू हवी होती. १९७६ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमासाठी दोन विनोदी नट पोलिसांचा वेश करून त्याच्या घरी गेले आणि 'सर्फिंग न केल्याचा गुन्हा' म्हणून त्याला समुद्रावर घेऊन गेले. लोक हसले. मी ती चित्रफीत बघितली. ढगळ हवेत, अंगावर झगा घातलेला तो जाडजूड माणूस हातात फळी घेऊन पाण्याकडे चाललाय. मला बघवेना, बंद केली.

नंदू_मालवण | २५ जून, सकाळी ६:१५

मृदुलाताई, आमच्या वाडीत पण एक होता असा, पट्टीचा पोहणारा, शांत पाण्यात गेला. दर्याचं हेच असतं.

गौरी_टॉरन्स | २५ जून, रात्री १०:०५

आबा, आपल्याकडचा अजून एक दुवा, आणि तो 'सर्फिन यूएसए'च्याच यादीत आहे. त्यात 'स्वामीज' असं एका किनाऱ्याचं नाव येतं. ते खरंच आपल्या स्वामींचं आहे. सॅन डिएगोच्या वाटेवर एन्सिनिटास इथे कड्यावर परमहंस योगानंदांचा आश्रम आहे, १९३०च्या दशकातला. खालच्या लाटेला सर्फिंगवाल्यांनी आश्रमावरून नाव दिलं. त्या गाण्यातले किनारे कोणी मोजत असेल तर हा एक आपल्या माणसाच्या नावाचा.

रविवारी आम्ही तिकडे चाललोय. आश्रमाची बाग सगळ्यांना खुली असते. बाकावर बसलं की खाली पोरं फळ्यांवर वाट बघत तरंगताना दिसतात. शिरीषदादा, तिथे बसून मी तुमचं 'वॉर्म्थ ऑफ द सन' कानात लावणार आहे. हवामान खात्याने दुपारपर्यंत ढग सांगितलेत.

शिरीष_डोंबिवली | २६ जून, सकाळी ६:४०

गौरी, ढगांचाच फोटो टाक.